तेरा दिवस भांग नाही

आम्हाला शांत करायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या. कंपनीच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सारून सतरंज्या घातल्या होत्या, आणि लॅबचे, प्लांटचे, पॅकिंगचे मिळून पन्नासेक जण मांड्या घालून बसलो होतो. बाई बोलायला गोड होत्या. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, आता नाकाने खोल श्वास घ्या, अगदी पोटापर्यंत जाऊ द्या. तारापूरच्या एमआयडीसीत, दुपारी तीन वाजता, खोल श्वास! खिडक्या बंद होत्या तरी डोळे चुरचुरत होते. माझ्या मागे बसलेला बॉयलरवाला दुसऱ्याच श्वासाला खोकायला लागला, आणि मला असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. बाईंना वाटलं, माझा ताण बाहेर पडतोय. त्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघून मान हलवली.

मग चिठ्ठ्या वाटल्या. तुम्हाला कशाने थकवा येतो ते एका शब्दात लिहा, नाव घालू नका. नाव कशाला घालायचं? एचआरचे साहेब दारात हाताची घडी घालून उभे होते, आणि आमची अक्षरं त्यांना पाठ आहेत. बाई एकेक चिठ्ठी वाचायला लागल्या. मुलांचा अभ्यास. सासू-सासरे. मोबाईल. झोप होत नाही. बॉयलरवाल्याने लिहिलं होतं, मुलीचं लग्न. काम असं एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं. बघा, बाई म्हणाल्या, आपण उगाच कामाला दोष देतो, ताण तर आपल्या घरात आणि आपल्या मनात असतो. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझी चिठ्ठी शेवटून तिसरी निघाली. मी लिहिलं होतं, भांग. बाई गडबडल्या. त्यांनी चिठ्ठी उलटी करून बघितली, साहेबांकडे बघितलं. साहेब चार ढांगांत पुढे आले, ती चिठ्ठी बाईंच्या हातातून काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात घातली. म्हणाले, कुणीतरी मस्करी केलीय, पुढची घ्या.

ती मस्करी नव्हती. आणि हा शब्द साहेबांना का झोंबतो हे त्या कॅन्टीनमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. तिसरी जी होती, तिला तोवर घरी बसवलेलं होतं.

माझं माहेर नवापूर, इथलंच, तारापूरजवळचं किनाऱ्यावरचं. माझा बाबा चाळीस वर्षं होडीवर होता. त्याचं डोल जाळं, म्हणजे पाण्याच्या ओढीत तोंड उघडं ठेवून मांडायचं जाळं. अमावास्या-पुनवेला उधाण आलं की पाण्याला जोर, जाळं भरायचं, आणि मग घरात कुणी कुणाशी धड बोलायचं नाही. जेवण उभ्याने. आई मासळी निवडून, वाळत घालून, टोपली भरून बाजाराला पळायची, परत येऊन पुन्हा निवडायला बसायची. मग अष्टमीच्या आसपास भांग यायचा. भांग म्हणजे पाणी मंद पडतं ते दिवस. ओढ नाही, जाळ्यात काही येत नाही, जाऊन उपयोग नाही. होड्या किनाऱ्याला लागायच्या. बाबा अंगणात बसून फाटकं जाळं सांधायचा आणि आई झोपायची. भर दुपारी, दार सताड उघडं टाकून, पाय पसरून. गल्लीतली एकही बाई तिला आळशी म्हणाली नाही, कारण भांग होता. भांग कुणाकडे मागायला जावं लागत नाही. कुणी तो मंजूर करत नाही की नामंजूर करत नाही.

उगाच गोडवे गात नाही मी. बाबाचे दोन्ही गुडघे गेले, आईच्या बोटांच्या सांध्यात मीठ जाऊन जाऊन ती वाकडी झाली. ते कष्ट मला नकोच होते, म्हणून तर पालघरला कॉलेजात जाऊन रसायनशास्त्र शिकले. आणि आता समुद्रावरही जुनं काही राहिलेलं नाही, मोठ्या इंजिनांच्या बोटी भांग-बिंग बघत नाहीत, रोज खरवडत असतात. तरी एक गोष्ट खरी. माझ्या आई-बापाच्या थकण्याला महिन्यातून दोनदा तळ लागायचा. माझ्या थकण्याला तो कधी लागलाच नाही.

कंपनीत लागून मला अकरा वर्षं झाली. केमिकल बनवणारी कंपनी, आमची क्वालिटीची लॅब. प्लांटमधून नमुन्याच्या बाटल्या येतात, आम्ही तपासायच्या, आकडा लिहायचा, आकडा बरोबर असेल तर माल पुढे. गेली चार वर्षं लॅबची इन्चार्ज मी. कुणी कुठल्या पाळीला यायचं, कुणाला कधी सुट्टी, हे सगळं मी फळ्यावर लिहिते. वीकली ऑफला भांग म्हणायला लॅबमध्ये मीच सुरुवात केली. पहिल्याच वर्षी कधीतरी तोंडातून निघून गेलं, उद्या माझा भांग आहे गं. मुली हसल्या, मग सगळ्याच म्हणायला लागल्या. तुझा भांग कधी? माझा भांग खाल्ला मॅडमनी. फळ्यावर सुट्टीच्या चौकटीत मी नुसतं ‘भां’ लिहायचे. उत्तर प्रदेशातून आलेला आमचा शिपाईसुद्धा म्हणायचा, मैडम, मेरा भांग संडे को डालना. त्याला अर्थ समजावून सांगितला तेव्हा तो बिचारा पोट धरून हसला होता.

आता त्या तिसरीबद्दल सांगते. आम्ही तिला कुंभवलीचीच म्हणायचो, कारण लॅबमध्ये तिच्या नावाच्या आणखी दोघी होत्या. कुंभवली म्हणजे एमआयडीसीला खेटून असलेलं गाव. तिचं घर आमच्या मागच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटं. हाच तिचा गुन्हा म्हणायचा. पालघरहून येणारीची गाडी चुकली, बोलवा कुंभवलीचीला. कुणाचं पोर आजारी पडलं, बोलवा तिला. ती यायची. केस ओले, डबा हातात, आणि आल्या आल्या कोट चढवून बाटल्यांना भिडायची. हात इतका साफ की तिच्या आकड्यावर मी डोळे झाकून सही करायचे.

सहा वर्षं ती कंत्राटावर होती. तिची पर्मनंट होण्याची फाईल वर गेलेली होती, आणि तिचा सगळा जीव त्या फाईलमध्ये अडकला होता. पर्मनंट कशाला व्हायचंय हे तिने मला एकदा सांगितलं, ते माझ्या कानातून जात नाही. म्हणाली, पर्मनंटवाल्यांचा रविवार कुणी खात नाही ना मॅडम. एकदा पर्मनंट झाले की दर रविवारी झोपणार आहे. सासूबाईंना सांगून ठेवलंय, घराला आग लागली तरी मला उठवायचं नाही. म्हणजे बघा, रविवारी झोपता यावं म्हणून बाई सहा वर्षं रविवारी कामाला येत होती. तेव्हा मी हसले होते.

सासू तिची खमकी. पहाटे उठून भाकऱ्या थापायची, नातवंडांना शाळेत धाडायची, वाडीतली भाजी काढून बोईसरच्या बाजारात विकायची, आणि सुनेच्या डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची तांदळाची भाकरी घालायची. मी त्या बदल्यात नवापूरहून सुकट आणून द्यायचे. एकदा त्यांच्या घरी गेले होते तर म्हातारी मला म्हणाली, घरचं मी बघते, हिने नुसतं कंपनीचं बघायचं. आणि तसंच चाललं होतं. त्या बाईने घर खांद्यावर घेतलं होतं, म्हणून तर सून आमच्या हाकेला उभी राहू शकत होती.

मग ते तेरा दिवस आले. आमची एक केमिस्ट बाळंतपणाला गेली, दुसरी नोकरी सोडून गेली, आणि दोघींच्या जागी कुणाला घ्यायचं नाही असं वरून ठरलं. त्यात मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं कंपनी बघायला येणार होती. मी एचआरच्या साहेबांना जाऊन सांगितलं, माणूस द्या, नाहीतर वीकली ऑफ देता येणार नाहीत. ते म्हणाले, ऑफ तर कायद्याने द्यावेच लागतात, तुम्ही हजेरीपटावर लावून टाका, बदली सुट्टी नंतर देऊ. मी लावून टाकले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे रविवारी सुट्टी आणि लॅबमध्ये ती माझ्यासमोर उभी. माझ्याही नावापुढे तसंच. फळ्यावरच्या ‘भां’च्या चौकटी मी रिकाम्या ठेवल्या. ती फळ्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि बाटल्या धुवायला लागायची.

माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा. मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले आणि दारात शिपायाने तुकडी विचारली तर मला ती आठवेना. पाचवीत आहे एवढंच आठवत होतं. नवऱ्याला फोन करून विचारायची लाज वाटली, म्हणून तशीच परत आले. त्या सुमारास बाबाला भेटायला गेले होते तासाभरासाठी. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "दर्याला पन भांग हाय. तुज्या कंपनीला नाय काय?" मी त्याच्यावर ओरडले. तुला काय कळतं, म्हणाले. त्याने उठून मला चहा करून दिला.

तेराव्या दिवशी दुपारी तिने दोन बाटल्यांची अदलाबदल केली. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बॅचेस, एकीचा आकडा दुसरीच्या नावापुढे लिहिला. बिघडलेली बॅच पास झाली, टँकरमध्ये भरलीही गेली. मला आकडा बघून काहीतरी खटकलं, मी पुन्हा तपासलं आणि धावत जाऊन टँकर गेटवर थांबवला. कुणाला इजा नाही, माल बाहेर गेला नाही. जीव भांड्यात पडला. वर येऊन बघते तर ती स्टुलावर बसून दोन्ही बाटल्यांकडे बघत होती. म्हणाली, मॅडम, मला दोन्हीवर एकच नंबर दिसतोय अजून.

पण टँकर गेटवर थांबला की चौकशी होतेच. त्यात चुकणाऱ्याने आपलं म्हणणं आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहून द्यायचं असतं. मॅडम, काय लिहू, असं तिने विचारलं, आणि मी इतकी वैतागलेली होते की म्हटलं, जे खरं आहे ते लिही आणि मोकळी हो. ती अर्धा तास कोपऱ्यात बसून लिहीत होती. कागद घडी करून तिने थेट साहेबांना नेऊन दिला. मी वाचलाच नाही. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. हे साहेब विदर्भाकडचे, समुद्र त्यांनी नोकरीला आल्यावर पाहिला. म्हणाले, तुमच्या लॅबमध्ये नशा चालते आणि तुम्हाला पत्ताच नाही? मला काही उमजेना. त्यांनी तिचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. "तेरा दिवस भांग मिळाला नाही. डोकं चालत नव्हतं. म्हणून बाटल्यांची अदलाबदल झाली." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, बाई भांगेशिवाय काम करू शकत नाही असं स्वतःच्या हाताने लिहून देतेय, आणि तेही अशुद्ध, भांग मिळाली पाहिजे, मिळाला नव्हे.

मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते हसू अर्ध्यात कुठे थांबलं हे मला पक्कं आठवतं. ‘मिळाला’ म्हणजे काय हे या माणसाला समजावून सांगायचं, तर हजेरीपट खोटा आहे हे सांगावं लागणार होतं. न सांगावं, तर त्या निर्व्यसनी पोरीच्या कपाळी नशेबाज असा शिक्का बसणार होता. कुंभवलीत तो शिक्का तिच्या लेकरांच्या लग्नापर्यंत पुसला गेला नसता.

मी सांगितलं. एवढं तरी केलं. नवापूर, जाळं, उधाण, पाणी मंद पडणं, सगळं सांगितलं. भांग म्हणजे सुट्टी, साहेब. ते खुर्चीत मागे रेलले, खो खो हसले, दोन चहा मागवले. म्हणाले, कमाल आहे तुम्हा लोकांची. चहा आला. एक घोट घेतला आणि ते सरळ बसले.

"म्हणजे तेरा दिवस सुट्टी नाही? हजेरीपटावर तर आहे."

आहे, म्हटलं.

"कुणी लावली?"

मी लावली. तुमच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, माझ्या सांगण्यावरून असं कुठे लिहिलंय? कुठेच लिहिलेलं नव्हतं. अक्षर माझं, सही माझी. साहेब थोडा वेळ तो कागद बोटाने टेबलावर फिरवत राहिले. मग अगदी हळू, मायेने बोलावं तसं बोलले.

"यापेक्षा नशाच बरी होती, मॅडम."

त्यांनी मला समजावलं. नशा असती तर चूक तिची, एकटीची. ही सुट्टीची भानगड बाहेर गेली तर कंपनी अडकणार, तुम्ही तर आधी अडकणार. आणि तिचंही काय भलं होणार? तिला नवा कागद लिहायला सांगा. घरच्या अडचणीमुळे लक्ष नव्हतं असं लिहू दे. घरच्या अडचणी सगळ्यांना असतात, समजून घेता येतात. तिच्या पर्मनंटचं मी बघतो. हा कागद तुम्हीच फाडून टाका.

बघतो म्हणाले. मी त्या एका शब्दाला धरून केबिनच्या बाहेर आले. मी तिला वाचवतेय असं मला वाटत होतं, देवाशपथ वाटत होतं. स्वतःलाही वाचवतेय हे वाटत नव्हतं असं नाही. जिन्यात थांबून मी तो कागद फाडायला उघडला, तेव्हा साहेबांनी न वाचलेली एक ओळ खाली होती. तिने लिहिलं होतं, "मॅडमना पण दोन महिने भांग नाही. आधी त्यांना द्या, मग मला."

हे वाचून कुणी माणसासारखं माणूस परत केबिनमध्ये गेलं असतं. मी लॅबमध्ये गेले आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

तिने निमूट पेन घेतलं. मग विचारलं, घरात कसली अडचण लिहू? घरात तर काहीच अडचण नाही. मी म्हटलं, सासू आजारी आहे असं लिही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"त्या तर ठणठणीत आहेत, मॅडम. आत्ता तुमची भाकरी त्यांनीच दिलीय."

लिही गं, म्हटलं, कोण तपासायला येतंय. तिने लिहिलं. सासू बरेच दिवस आजारी असल्याने माझे कामात लक्ष नव्हते. शब्द मी सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी सही करताना म्हणाली, त्यांना कळू देऊ नका हां. त्या दिवशी मी ती भाकरी खाल्ली नाही, पण पुढे दोन दिवसांनी आलेली खाल्ली.

चौकशीचा फॉर्म छान भरला गेला. कारण: कर्मचाऱ्याची कौटुंबिक अडचण. पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय: सर्व कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीचं सत्र. हो, तेच ते, सतरंजीवरचं. खाली माझी सही. माणूस वाढवा असं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

महिन्याभराने कंत्राट नवं करायच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले, न विचारता. बघतो म्हणाला होतात, म्हटलं. ते म्हणाले, बघितलं ना, पण वरच्यांचं म्हणणं पडलं की घरात कायमचं आजारपण असलेल्या बाईला पर्मनंट कशी करायची, तिचं लक्ष पुन्हा उडालं तर? आता हे तिनेच लिहून दिलंय. ती सासू माझ्या तोंडातून आजारी पडली होती. माणसाने स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची सोय असती तर मी त्या केबिनमध्ये मारून घेतली असती.

तिला मिळालेल्या पत्रात सासूच्या आजारपणामुळे कामाकडे दुर्लक्ष असं छापलेलं होतं. ते घरी तिच्या नवऱ्याने वाचलं. पुढे काय झालं ते मला लगेच कळलं नाही, कारण मी तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही.

माझी भाची कॉलेजात शिकते, ती हल्ली मोठमोठे शब्द बोलते. म्हणते, मावशी, या सगळ्याला भांडवलशाही जबाबदार आहे, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मला तिचं पटतं आणि रागही येतो. पटतं कारण दोन माणसं गेली आणि दोन आली नाहीत, एवढीच ही सगळी कहाणी आहे, आणि त्या दोन माणसांचे पगार वाचवून कुणाचं भलं झालं ते शेंबड्या पोरालाही कळेल. राग येतो कारण त्या भांडवलशाहीला मी कधी बघितलेलं नाही. मालकाला अकरा वर्षांत दोनदा बघितलं, दोन्ही वेळा त्याने हात जोडले. तिला तेरा दिवस मालकाने उभं केलं नाही. फोन माझ्या मोबाईलवरून जायचे. ये गं, दहा मिनिटांचं तर घर तुझं. रविवारच्या चौकटीत खोटी सुट्टी माझ्या पेनाने लागली. त्यांना माझ्यासारखीच माणसं लागतात, समजूतदार, अक्षर चांगलं असलेली. एवढं सगळं माझ्या हातून करून घेऊन ते मला सतरंजीवर बसवतात आणि खोल श्वास घे म्हणतात! चुलीत गेला तो श्वास.

साहेबांनी खिशात घातलेली चिठ्ठी पुढे कुठे गेली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा निरोप आला, सुट्टीसाठी अनधिकृत शब्द वापरू नयेत. मी फळा पुसला. आता ‘भां’च्या जागी इंग्रजी अक्षरं असतात. मुली सुट्टीला ऑफ म्हणतात. ऑफ तितकेच मिळतात, मिळतात तेव्हा.

गेल्या आठवड्यात बोईसरच्या बाजारात गेले होते. कामावरून येता येता, पंधरा मिनिटांत भाजी घेऊन घर गाठायचं म्हणून भराभर चालत होते. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर वालाच्या शेंगांचा ढीग, आणि ढिगामागे म्हातारी. तिने मला आधी ओळखलं. वळून निघून जावं असं मनात आलं, पण तिने हाक मारली. मॅडम बाय, म्हणाली, या. मी उकिडवी बसले आणि उगाच शेंगा निवडायला लागले.

सून कशी आहे, विचारलं. विचारणं भागच होतं. म्हातारी म्हणाली, झोपते. सकाळी उठते, लेकरांचं करते, परत पडते. रविवार नाय, सोमवार नाय. दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं होतं, गेली नाय. डाक्टर म्हनतो, अंगात काही रोग नाय. तिने शेंगांवर पाणी शिंपडलं. मग म्हणाली, पन एक इचारू काय तुमाला, तुमी शिकलेल्या हाय.

विचारा, म्हटलं.

"ती रोज सकाळी माज्या कपाळाला हात लावून बघते. इचारते, आई, बऱ्या हाय ना तुमी? कागदात पन तसंच लिवलंय म्हनतात, मी आजारी म्हनून तिची नोकरी गेली. मी कदी आजारी होती गो?"

माझ्या हातात शेंगा तशाच राहिल्या. आजूबाजूला बाजार चालला होता, कुणीतरी माझ्या पाठीला पिशवी घासून गेलं. मी सांगून टाकलं. म्हटलं, आजी, तुम्ही कधीच आजारी नव्हता. ते मी लिहायला सांगितलं तिला. चूक तिची नव्हती, तुमची नव्हती, तिला सुट्टीच दिली नव्हती आम्ही. मला वाटलं ती शिव्या घालेल. मला त्या हव्या होत्या.

तिने शिव्या दिल्या नाहीत. तिने शेंगा तोलल्या, माझ्या पिशवीत ओतल्या आणि वरून मूठभर जास्तीच्या घातल्या.

"मंग तिची चूक नव्हती, हे तिला येऊन सांगा. माजं ती ऐकत नाय. या रविवारी या. तुमाला सुट्टी असंल ना रविवारी?"

मी हो म्हणाले. पिशवी घेऊन उठले आणि चालायला लागले. या रविवारी फळ्यावर पहिल्या पाळीला माझंच नाव आहे. हजेरीपटावर मात्र मी सुट्टीवर आहे. दोन्हीकडे अक्षर माझंच आहे.